अ‍ॅव्हिस नॉस्कीचा फळा

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कुरून गावात सिनेमा कसा आहे हे कुणी वर्तमानपत्रात वाचत नाही. शनिवारी संध्याकाळी खेळ होतो, तोच रविवारी दुपारी पुन्हा, आणि रविवारी सकाळी माझ्या बेकरीत पाव न्यायला येणारी माणसं आधी रस्ता ओलांडून थिएटरच्या दारातला फळा वाचून येतात. फळ्यावर खडूनं लिहिलेल्या दोन ओळी असतात. त्या अ‍ॅव्हिस नॉस्की लिहिते.

थिएटर गावाचंच आहे. मालक कधीच सोडून गेला, मग गावानं ते चालवायला घेतलं. डल्सी हार्टविग कमिटीची प्रमुख, तिकिटं आणि आइस्क्रीम तिच्याकडे. मी आठवडाभर पीठ मळतो आणि शनिवारी-रविवारी वरच्या खोलीत बसून सिनेमाचं मशीन चालवतो. अ‍ॅव्हिसकडे म्हटलं तर कुठलंच काम नाही. ती तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसते, घरून आणलेली उशी पाठीला लावते, थर्मासमधला चहा पिते आणि सिनेमा बघते.

तिनं तीसेक वर्षं शाळेची बस चालवली. अर्धं गाव कधी ना कधी तिच्या पाठीमागं बसलेलं आहे. अजूनही ती कुणाकडे बघते तेव्हा समोरच्या आरशातून मागच्या बाकावर चाललेला दंगा बघावा तशी बघते, आणि चांगली दाढीमिशा आलेली माणसं तिला मिसेस नॉस्कीच म्हणतात. तिचा नवरा लेस याला सिनेमाची आवड नाही. तो तिला दारात सोडतो आणि क्लबात जातो.

फळा खरं तर वेळा लिहायला होता. एका शनिवारी असा काही कंटाळवाणा सिनेमा आला की मध्यांतरानंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. रविवारी आता कुत्रं फिरकणार नाही म्हणून डल्सी डोक्याला हात लावून बसली. अ‍ॅव्हिसनं तिच्या हातातला खडू घेतला आणि लिहिलं, ‘घोडा उत्तम आहे. शेवटी शेवटी पुष्कळ दिसतो.’ रविवारी लोक घोडा बघायला आले. आणि घोडा खरोखरच उत्तम होता. तेव्हापासून फळा तिचा झाला.

तिला प्रत्येक सिनेमात काहीतरी आवडायचं. ते काय, हे मात्र दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. गेल्या वर्षी एक अंतराळातला सिनेमा आला होता. पाच माणसं कित्येक वर्षं एका डब्यात कोंडलेली. अ‍ॅव्हिसचं म्हणणं पडलं की इतक्या दिवसांत ओला टॉवेल कुठंही टाकल्यावरून एकदाही भांडण होत नाही, हे काही तिला पटलं नाही. पण त्यातली यंत्रं दुरुस्त करणारी बाई तिला फार भावली. त्या बाईनं आयुष्यात खरोखर नट-बोल्ट आवळलेले आहेत, हे तिच्या मनगटावरून कळतं म्हणाली. फळ्यावर तेवढंच लिहिलं, ‘दुरुस्तीवालीचे हात बघा.’ एका खुनाच्या सिनेमात तिला खुनी कोण ते मध्यांतरालाच कळलं होतं. तरी पुढं सगळा वेळ आपण चुकलेलो असू दे असं तिला वाटत राहिलं, आणि कुठल्याही सिनेमानं माणसाला असं वाटायला लावणं ही काही साधी गोष्ट नाही असं ती मला पाव घेताना सांगत होती. मागं रांग लागली होती.

आणि आवडलेला सिनेमा ती दोनदा बघायचीच. एकोणीस वर्षांची असताना याच थिएटरात लग्नाआधी लेसबरोबर तिनं एक गाण्यांचा सिनेमा पाहिला होता. नायिका गायिका व्हायला घर सोडून निघते आणि निघताना एक लांबलचक गाणं म्हणते, त्यावर अ‍ॅव्हिस तेव्हा हुंदके देऊन रडली होती. मागच्या हिवाळ्यात आम्ही तो सिनेमा पुन्हा लावला. ती बाहेर आली ती चिडूनच. म्हणाली, त्या पोरीची आई त्या खोलीत बसलेली असते, आणि इतकी वर्षं मला ती आठवतसुद्धा नव्हती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर होतं, ‘आईकडे बघा. गाणं चालू असताना ती मोजे रफू करते आहे.’ झालं. रविवारी सगळं थिएटर मोज्यांकडे बघत बसलं. गाणं संपतं तेव्हा आई शेवटचा धागा दातानं तोडते, आणि पुढच्या रांगेत बसलेला आमचा टपालवाला रुमाल शोधायला लागला.

लोकांना हळूहळू तिची भाषा समजायला लागली. सिनेमातल्या घरांच्या पडद्यांचं किंवा दिव्यांचं कौतुक लिहिलेलं असलं की येताना विणकाम घेऊन यायचं. डल्सी तिला म्हणायची, सरळ वाईट आहे असं लिहीत जा ना.

“कुणीतरी पहाटे उठून केलेलं असतं ते,” अ‍ॅव्हिस म्हणायची. “सगळंच कसं वाईट असेल? शोधायला नको?”

“लेसमध्ये पण असंच शोधलं असशील काहीतरी.”

“शोधतेच आहे अजून.”

म्हणूनच रोरी पोल्नरच्या सिनेमाच्या वेळी जे झालं त्यानं गाव हादरलं.

रोरी हा मर्व्ह पोल्नरचा मुलगा. मर्व्ह गावातल्या पोहण्याच्या तलावाचा रखवालदार होता. जानेवारीत, आमच्या भर उन्हाळ्यात, रस्त्याचं डांबर वितळायला लागतं तेव्हा आमच्या गावात जाण्यासारखी जागा ती एकच, त्यामुळे मर्व्हला ओळखत नाही असा माणूस इथे सापडायचा नाही. डोक्यावर फाटकी हॅट, गळ्यात शिट्टी, दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. दोन पिढ्यांना त्यानं पोहायला शिकवलं. त्यात अ‍ॅव्हिस होती. तिला पाण्याची भयंकर भीती. बस रोज कालव्यावरच्या अरुंद पुलावरून जायची आणि मागं मुलं गाणी म्हणत असताना हिचे तळहात घामानं चिकट झालेले असायचे. चाळिशी उलटल्यावर एके दिवशी तिनं मर्व्हला हे सांगितलं. त्यानं तिला सकाळी तलाव उघडायच्या आधी यायला सांगितलं, म्हणजे कुणी बघणार नाही. सबंध उन्हाळा तिला हाताला धरून पाण्यात उभं केलं, हसवलं, तरंगायला शिकवलं. मर्व्ह गेला त्याला आता दोन वर्षं झाली. त्याच्या अंत्यविधीला अ‍ॅव्हिस ओल्या केसांनी आली होती. सकाळी पोहून आली होती.

रोरी तरुण वयातच मेलबर्नला गेला होता, दुसऱ्यांच्या सिनेमांत पडेल ते काम करत राहिला, आणि शेवटी त्यानं स्वतःचा सिनेमा केला. आमच्याच तलावावर. मागच्या उन्हाळ्यात अर्धं गाव त्यासाठी पोहण्याच्या कपड्यांत उभं होतं. सिनेमा मोठ्या शहरांत दाखवायच्या आधी कुरूनात दाखवायचा, असं त्यानं ठरवलं होतं. त्या शनिवारी चर्चमधून जादा खुर्च्या आणाव्या लागल्या. डल्सीनं सँडविचं केली, मी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक केले. मर्व्हची बायको लोईस पहिल्या रांगेत, नवा ड्रेस घालून.

गोष्ट साधी होती. एका गावात तलावाचा एक रखवालदार. त्याचं काम करणारा मेलबर्नचा कुणी उंच, सडपातळ नट होता. दिवसभर तो गावातल्या पोरांशी थट्टामस्करी करतो, आणि घरी आला की शब्द नाही. जेवतो, भांडी पुसतो, झोपतो. संध्याकाळी तलाव बंद केल्यावर तो एकटाच पोहतो, आणि त्याचा मुलगा कुंपणाबाहेर सायकलवर एक पाय टेकून बघत असतो. बाप त्याला हाक मारत नाही. असं पुन्हा पुन्हा होतं. शेवटी मोठा झालेला मुलगा पाणी काढलेल्या तलावाच्या तळाशी जाऊन उभा राहतो.

दिवे लागले तेव्हा सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं. आपली पाण्याची टाकी, आपला रस्ता, आपण स्वतः पडद्यावर दिसलो की कोण बसून राहील? वरच्या खिडकीतून मला एकटी अ‍ॅव्हिस बसलेली दिसली. ती थर्मासचं झाकण लावत होती.

ती सँडविचांना हातही न लावता बाहेर गेली. डल्सीनं कौतुकानं तिला खडू दिला. फळ्यापुढं ती बराच वेळ उभी राहिली. आम्ही सगळे रोरीला घेऊन बाहेर आलो तेव्हा लिहून झालं होतं. ‘चित्रण सुंदर आहे. पण हा आमचा मर्व्ह नव्हे.’

रोरीनं ते वाचलं, हसल्यासारखं केलं आणि हातातलं सँडविच संपवलं. लोईसनं आपला कोट मागितला.

रविवारी सकाळी बेकरीत दुसरा विषय नव्हता. एरवी दगडाचं कौतुक करणाऱ्या बाईला गावच्याच पोराच्या सिनेमात बोट ठेवायला जागा सापडावी, हे लोकांच्या गळी उतरत नव्हतं. डल्सी तर ओलं फडकं घेऊनच आली होती, पण अ‍ॅव्हिसला न विचारता पुसायचा धीर तिला होईना. तेवढ्यात अ‍ॅव्हिस स्वतः पाव घ्यायला आली. तिनं नेहमीचा पाव मागितला आणि मग कुणीही न विचारता म्हणाली, “त्या माणसानं मला पाण्यात उभं केलं. पूर्ण उन्हाळा बडबडत होता. तो असा मुका नव्हता, कॉलिन. हे मी नाही तर कुणी सांगायचं?”

मी पाव कागदात गुंडाळून दिला. मला तिचं पटत होतं, खरं सांगायचं तर.

त्यानंतरचं मला तिनंच नंतर सांगितलं. ती घरी पोचते तर पाठोपाठ रोरी दारात. लेसनं त्याला आत घेतलं. चहा नको म्हणाला, मग घेतला. भांडायला आला असेल असं वाटून अ‍ॅव्हिस तयारीतच होती, पण तो भलतंच विचारायला लागला.

“मिसेस नॉस्की, बाबा तुम्हाला पोहायला शिकवायचे तेव्हा काय बोलायचे?”

मग तिनं सांगितलं. मर्व्ह कसा तिला म्हणायचा की पाण्याला बसचं तिकीट देऊ नकोस, म्हणजे ते आत चढणार नाही. पहिल्यांदा ती तरंगली तेव्हा त्यानं शिट्टी वाजवून झाडावरचे सगळे गुलाबी काकाकुवे कसे उडवले होते. बेडकाची नक्कल कशी करायचा. रोरी पुढं सरकून ऐकत होता, मध्येच हसत होता, पुन्हा सांगा म्हणत होता. अ‍ॅव्हिसचा राग कुठल्या कुठे गेला. सांगून संपलं तेव्हा तो कपाकडे बघत म्हणाला, “तुमचा मर्व्ह मला मिळाला नाही हो. मला जो मिळाला तो मी दाखवला.”

ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “आज दुपारी परत आहे. तुम्ही दोनदा बघता, असं आई सांगत होती.”

“आवडलेला असला तर,” ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही.

पण दुपारी ती आली. शनिवारी सगळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे गर्दी बेताचीच होती. तिनं तिसरी रांग टाळली आणि अगदी मागं, माझ्या खिडकीच्या खाली बसली. उशी नाही, चहा नाही.

बाप एकटा पोहतो तो पहिला प्रसंग आला. मला खालून ‘अरे देवा’ असं हळूच ऐकू आलं. मी डोकावलो. ती पुढच्या खुर्चीची पाठ धरून पुढं वाकली होती. तो प्रसंग दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला, आणि प्रत्येक वेळी ती थोडी आणखी पुढं वाकत गेली.

तिला दिसलं ते असं. रखवालदार संध्याकाळी मोठ्या फाटकाला साखळी घालतो, कुलूप लावतो, ओढून बघतो. मग तो बाजूच्या छोट्या फाटकापाशी जातो, कडी काढतो, आणि ते तसंच उघडं ठेवून पाण्यात उतरतो. रोज. हे सगळं पडद्याच्या एका कडेला घडतं. तिकडे कॅमेरा मुद्दाम वळत नाही. मुलाला ते फाटक दिसतं. त्याचा एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर. तो आत जात नाही. आणि शेवटी मोठा झालेला मुलगा तलावात उतरतो तो त्याच छोट्या फाटकातून.

मी तो सिनेमा तोवर दोनदा चालवला होता. मला फाटक दिसलं नव्हतं. डल्सीला नाही, कुणालाच नाही. आम्ही आमचा रस्ता बघत होतो आणि अ‍ॅव्हिस तिचा मर्व्ह बघत होती.

“मला वाटलं पोरगा बापावर तक्रार करतोय,” ती जिन्यापाशी मला म्हणाली. “तो तर स्वतःबद्दल सांगतोय, कॉलिन. मी आत गेलो नाही, असं सांगतोय.” मग तिनं खडू मागितला.

आदल्या दिवशीचं तिनं पुसलं नाही. डल्सी फडकं पुढं करत होती, पण ती म्हणाली, लिहिलंय तर लोकांना दिसू दे. त्यावर तिनं एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, ‘काल मी मर्व्हला शोधत बसले, म्हणून सिनेमा पाहिलाच नाही. बाजूच्या छोट्या फाटकावर लक्ष ठेवा. मी चुकले.’ आणि खाली नाव घातलं. फळ्यावर तिनं याआधी कधी नाव घातलं नव्हतं, घालायची गरजही नव्हती.

लेस तिला न्यायला आला तेव्हा तिनं गाडी घराऐवजी लोईसकडे घ्यायला लावली. रोरी अंगणात होता, परत जायच्या तयारीत, गाडीत सामान भरत होता. अ‍ॅव्हिसनं त्याच्या दंडावर नुसता हात ठेवला आणि ती आत गेली. लोईस स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. अ‍ॅव्हिसनं माफी मागितली, मग तिनंही एक सुरी घेतली आणि समोर बसून सोलायला लागली, आणि सोलता सोलता तिनं फाटकाचं सांगितलं.

लोईस थांबली. म्हणाली, फाटक मर्व्ह खरंच उघडं ठेवायचा. तिनं त्याला एकदा विचारलं होतं, पोरगा रोज बाहेर उभा असतो, हाक का मारत नाहीस.

“तर काय म्हणाला?”

“म्हणाला, दिवसभर सगळ्या गावाच्या पोरांना ओरडून बोलावतो, हुकूम सोडतो. याला तरी आपणहून येऊ दे.” लोईसनं हात पुसले. “येईल म्हणाला एक दिवस. फाटक उघडं आहे.”

“हे रोरीला माहीत आहे?”

लोईसला वाटत होतं की असणारच. सिनेमात फाटक आहे म्हणजे माहीत असणार. अ‍ॅव्हिसला तसं वाटेना. तिला तो चहाच्या कपाकडे बघणारा मुलगा आठवत होता. सायकलवरच्या मुलाला फाटक दिसलं होतं, पण ते आपल्यासाठी आहे की नुसतं उघडं राहिलंय, हे त्याला कोण सांगणार होतं? तिनं लोईसला म्हटलं, “तो निघायच्या आत सांग. आत्ता.”

लोईसनं दारातून हाक मारली. रोरी सामान बांधायची दोरी हातात घेऊनच आत आला. आणि अ‍ॅव्हिस उठून बाहेर गेली. लेस गाडीत रेडिओ ऐकत होता, त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याला चल म्हणाली. पुढं काय झालं हे मी तिला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे त्या आरशातल्या नजरेनं बघायला लागली. “ते बघायचं काम माझं नव्हतं,” म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांची रडणी अंधारात बसून बघितलेल्या बाईनं हे म्हणावं, याचं मला फार कौतुक वाटलं.

एवढं मात्र सगळ्या गावाला दिसलं की रोरीची गाडी त्या दिवशी निघाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तलाव अजून भरलेला होता, हंगाम संपत आला होता, आणि सकाळी बेकरीचं दार उघडताना मला तो खांद्यावर टॉवेल टाकून तिकडे जाताना दिसायचा. आठवडा राहून मग गेला.

सिनेमा आम्ही सलग चार शनिवार चालवला. आसपासच्या गावांतून माणसं आली. फाटक आलं की थिएटरात इतकी शांतता व्हायची की मला माझ्या मशीनचा पंखा मोठ्यानं वाजतोय असं वाटायचं. मेलबर्नला त्याचं काय झालं ते तिथल्यांनी ठरवलं. बरं बोलले म्हणे, पण फाटकाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. अ‍ॅव्हिसला त्याचं वाईट वाटलं नाही. दुसऱ्यांदा बघतील तेव्हा दिसेल, म्हणाली.

आता लोईस तिच्या शेजारी बसते. चौथ्या रांगेत, कारण तिसरीत लोईसची मान दुखते, आणि अ‍ॅव्हिसनं तीस वर्षांची जागा काही न बोलता सोडली. दोघींचं एका सिनेमावर एकमत झालेलं मी अजून ऐकलेलं नाही. लोईसला रडवणारे सिनेमे चालत नाहीत, कुत्रं मरणार असेल तर आधी सांगा म्हणते, आणि नाचणारी माणसं तिला कितीही वेळ चालतात. अ‍ॅव्हिस तिला हलक्या आवाजात कुठं बघायचं ते सांगत असते, आणि लोईस हटकून दुसरीकडे बघते. मागच्या शनिवारी गिर्यारोहकांचा एक भलामोठा सिनेमा होता. मध्यांतरानंतर लोईस झोपली. अ‍ॅव्हिसनं फळ्यावर लिहिलं, ‘बर्फ अगदी खरा वाटतो.’ लोईसनं तिच्या हातातून खडू घेतला आणि खाली लिहिलं, ‘खुर्च्याही चांगल्या आहेत.’ मग दोघींचं दारातच वाजलं, आणि लेस बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत बसला.